करा की करू नका? ‘एन्जॉइन’ हे क्रियापद नीट वाचण्याची रीत

गोव्यात मराठी घरात इंग्रजी कागद येतो तो बहुधा दिवाणी कोर्टाचा, मामलेदार कचेरीचा नाही तर पंचायतीचा. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा केले आणि सरकारी कामकाजात मराठीलाही जागा ठेवली, तरी कोर्टाचे आदेश इंग्रजीतच निघतात. मग कॉलेजात जाणारी मुलगी कागद मोठ्याने वाचते, आजी-काका ऐकतात आणि वाचणारी सांगेल तो अर्थ घरात पक्का होतो. म्हणून वाचणाऱ्यावर मोठी जबाबदारी असते. आदेशाच्या इंग्रजीत एक क्रियापद असे आहे, की तेच एका ओळीत ‘हे केलेच पाहिजे’ म्हणते आणि पुढच्या ओळीत ‘हे करायचे नाही’ म्हणते. ते म्हणजे ‘एन्जॉइन’ (ई-एन-जे-ओ-आय-एन). शब्दकोश उघडलात तर दोन्ही अर्थ शेजारी शेजारी छापलेले दिसतात, पण आपल्या कागदात त्यातला कोणता, ते शब्दकोश सांगत नाही. ते वाक्य सांगते. वाक्याला काय विचारायचे, तेवढे माहीत हवे.

आधी शब्द ओळखा

उच्चार ‘इन्-जॉइन’, जोर ‘जॉइन’वर. भूतकाळी रूप ‘एन्जॉइन्ड’. घाईत वाचणारा ते ‘एन्जॉईड’ वाचतो आणि कोर्टाने कोणाला कसला आनंद दिला ते त्याला कळत नाही. पण ही चूक लगेच लक्षात येते. जास्त फसवणारे आहेत ते याच कुळातले आणि कोर्टाच्या कागदांत रोज भेटणारे दुसरे शब्द. ‘अ‍ॅडजॉइनिंग’ म्हणजे लागून असलेले. जमिनीच्या चतुःसीमा लिहिताना शेजारच्या सर्वे नंबरासाठी तो येतो, त्यात कसलाही हुकूम नसतो. ‘रिजॉइंडर’ म्हणजे समोरच्याच्या म्हणण्याला दिलेले प्रत्युत्तर. ‘जॉइंडर ऑफ पार्टीज’ म्हणजे दाव्यात आणखी कोणाला पक्षकार करून घेणे. एकाच फाइलमध्ये हे सगळे असू शकतात, तेव्हा पेन्सिल घेऊन शब्दाखाली रेघ मारा आणि तो खरोखर ‘एन्जॉइन’च आहे ना, ते अक्षर न् अक्षर पाहा.

याचे नाम मात्र आपल्या ओळखीचे आहे: ‘इंजंक्शन’. गावात त्याला सर्रास ‘स्टे’ म्हणतात. बोलण्यात ते चालून जाते, कागद वाचताना नाही. ‘स्टे’ने एखादे कामकाज किंवा एखाद्या आदेशाची अंमलबजावणी थांबते. ‘इंजंक्शन’ माणसाला बांधते: अमक्याने अमुक करू नये, किंवा करावे. आपल्याविरुद्ध यातले नेमके काय आहे, हे वकिलाकडे जाण्याआधी कळले तर प्रश्न नीट विचारता येतात.

दोन अर्थ आले कुठून

मूळ लॅटिन ‘इन्युंगेरे’, फ्रेंचमधून इंग्रजीत आलेले. ‘युंगेरे’ म्हणजे जोडणे, जुंपणे. संस्कृतातला ‘युज्’ हा त्याचाच भाऊबंद, आणि बैलांच्या मानेवरचे आपले ‘जू’ही त्याच घराण्यातले. म्हणजे ‘एन्जॉइन’मध्ये कोणाच्या तरी मानेवर काहीतरी ठेवणे आहे. ठेवतात ते कर्तव्य. ते काही करण्याचे असेल, तसेच काही न करण्याचेही असेल, क्रियापदाला दोन्ही सारखेच.

मनाईचा अर्थ घट्ट झाला तो इंग्लंडच्या चान्सरी कोर्टात. हे कोर्ट थेट माणसाला हुकूम देई आणि न मानणाऱ्याला तुरुंगात टाकी. साध्या कोर्टात जिंकलेल्या पक्षालाही ते ‘तुझा निकाल वसूल करू नकोस’ असे बजावू लागले. त्यावरून सरन्यायाधीश कोक आणि लॉर्ड चान्सेलर एल्स्मिअर यांच्यात मोठा वाद पेटला आणि 1616 मध्ये राजा जेम्सने चान्सरीच्या बाजूने कौल दिला. अशा हुकमांत ‘करू नकोस’ हेच जास्त असल्याने वकिलांच्या तोंडी ‘एन्जॉइन’ म्हणजे रोखणे असा अर्थ रुळला. कोर्टाबाहेर जुना अर्थ तसाच चालत राहिला. आज आपल्याला दोन्ही एकदम भेटतात.

क्रियापदाच्या लगेच पुढे काय आहे ते पाहा

ही सगळ्यात कामाची पायरी. बाकी काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, एवढी राहू द्या.

पुढे ‘फ्रॉम’ असेल तर मनाई. ‘द डिफेंडंट इज एन्जॉइन्ड फ्रॉम कटिंग द ट्रीज’: प्रतिवादीने झाडे तोडायची नाहीत. ‘फ्रॉम’नंतर ‘इंग’ लागलेले क्रियापद येते, आणि मनाई नेमकी त्याच कृतीला असते. तोडायची मनाई असेल तर त्यात फांद्या छाटण्याची मनाई येते की नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वकिलाला विचारायचा.

पुढे ‘टू’ असेल तर करण्याचा हुकूम. ‘द कमिटी एन्जॉइन्ड द मेंबर्स टू अटेंड’: सभासदांनी हजर राहावे असे समितीने बजावले. इथे डोळ्यांत तेल घालून पाहायचे ते ‘टू’च्या आधीचे ‘नॉट’. ‘एन्जॉइन्ड नॉट टू अटेंड’ म्हटले की पुन्हा मनाई. एवढासा ‘नॉट’ ओळीच्या शेवटी अडकलेला असला की नजर त्याच्यावरून सहज घसरते.

पुढे ‘ऑन’ किंवा ‘अपॉन’ असेल तर कोणावर तरी कर्तव्य सोपवलेले असते. भारतीय निकालपत्रांत ‘एन्जॉइन’ या रूपात वारंवार भेटतो. खाजन शेतीचे उदाहरण घेऊ. खाडीचे खारे पाणी अडवणारा बांध आणि मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारे दार, सांभाळण्याची जबाबदारी कुळांच्या संघटनेकडे असते, हे खाजनाच्या गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ते इंग्रजीत असे येईल: ‘द रूल्स एन्जॉइन अपॉन द असोसिएशन द ड्युटी टू रिपेअर द बंड’. म्हणजे बांध दुरुस्त करण्याचे कर्तव्य नियमांनी संघटनेवर टाकले आहे. संघटनेला बांधाला हात लावू दिलेला नाही, असा अर्थ यातून कोणी काढला तर पाणी शेतात शिरेपर्यंत सगळे हातावर हात ठेवून बसतील. ‘अपॉन’ दिसला की ‘कोणावर?’ असे विचारा. उत्तर त्याच वाक्यात, बहुधा पुढच्या दोन-तीन शब्दांत मिळते.

‘दॅट’ आला तर पुढे नियमाचे पूर्ण वाक्य येते: ‘द बाय-लॉज एन्जॉइन दॅट एव्हरी महाजन साइन द रजिस्टर’. इथे ‘साइन्स’ नसून ‘साइन’ आहे. हुकमाच्या वाक्यातले इंग्रजी क्रियापद असे उघडे ठेवायची जुनी रीत आहे, ती छपाईची चूक नव्हे.

आणि कधी पुढे नुसते नाम येते: ‘एन्जॉइन सायलेन्स’, ‘एन्जॉइन कॉशन’. तिथे बहुतेक वेळा ती गोष्ट पाळायला सांगितलेली असते: शांतता राखा, जपून वागा.

मग बोलणारा कोण ते पाहा

पुढे काहीच नसेल, म्हणजे ‘इज एन्जॉइन्ड’वर वाक्य संपत असेल, तर वरची खूण कामाला येत नाही. तिथे हुकूम देणारा शोधायचा. ‘द फास्ट इज एन्जॉइन्ड बाय द शास्त्राज’ म्हणजे उपवास शास्त्रात सांगितलेला आहे. ‘द कन्स्ट्रक्शन वॉज एन्जॉइन्ड बाय द कोर्ट’ म्हणजे बांधकाम कोर्टाने रोखले. वाक्यांचा साचा एकच, अर्थ परस्परविरुद्ध. धर्म, रूढी, संविधान, नियमावली किंवा घरातले वडीलधारे बोलत असतील तर ‘करा’. कोर्ट बोलत असेल आणि विषय कोणाच्या तरी चालू किंवा होऊ घातलेल्या कृतीचा असेल तर बहुधा ‘करू नका’.

धर्मशास्त्राची इंग्रजी पुस्तके वाचणाऱ्यांना हे विशेष जपावे लागते. मीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्रात, त्या वाक्यांचे ‘विधी’ आणि ‘निषेध’ असे भाग पाडतात. ‘स्वर्गकामो यजेत’, ज्याला स्वर्ग हवा त्याने यज्ञ करावा, हा विधी. ‘न कलञ्जं भक्षयेत्’, कलंज खाऊ नये, हा निषेध. इंग्रजी अभ्यासक विधीला ‘इंजंक्शन’ म्हणतात आणि निषेधाला ‘प्रोहिबिशन’. म्हणजे म्हार्दोळच्या देवळाच्या पायरीवर बसून वाचलेल्या पुस्तकातले ‘इंजंक्शन’ करायला सांगते आणि पर्वरीच्या हायकोर्टातले इंजंक्शन बहुतेक वेळा थांबवते. ‘विहित कर्म’ ही आपली जुनी जोडी इंग्रजीत ‘एन्जॉइन्ड ॲक्शन’ होऊन येते, तेव्हा गीतेवरचे इंग्रजी भाष्य वाचताना कोर्टाचा अर्थ दारातच ठेवून आत जावे.

अमेरिकेच्या बातम्यांत याच्या अगदी उलट. तिथे ‘जज एन्जॉइन्ड द ऑर्डर’ असे आले की न्यायाधीशाने सरकारच्या आदेशाची अंमलबजावणी रोखली, एवढाच अर्थ. खालच्या कोर्टांना अशी मनाई देशभर सगळ्यांसाठी सरसकट लावता येते का, यावर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 27 जून 2025 रोजी निकाल देऊन तो अधिकार बराच आवळला. त्या निकालाच्या बातम्यांमुळे हे क्रियापद आपल्याकडच्या मोबाइलवरही वारंवार आले, आणि ‘न्यायाधीशांनी आदेश लागू केला’ असे त्याचे भलतेच मराठी होण्याचा धोका असतो.

मराठीत काय म्हणावे

इथे मला आपल्या भाषेचा अभिमान वाटतो, कारण दोन्ही अर्थांना मराठीत नेमके शब्द आहेत आणि ते रोजच्या बोलण्यातले आहेत. करायला लावणाऱ्या अर्थासाठी ‘निक्षून सांगणे’ किंवा ‘बजावणे’. यात सत्तेचा जोर आहे, पण आरडाओरडा नाही, आणि इंग्रजी शब्दाची जातकुळी तीच आहे. ‘कमांड’साठी ‘हुकूम सोडणे’ किंवा ‘फर्मावणे’ शोभते. इंग्रजीतले ‘अर्ज’ (यू-आर-जी-ई) हे क्रियापद केवळ आग्रह धरते. ‘एन्जॉइन’ या दोघांच्या मधला: सांगणाऱ्याला तो अधिकार आहे आणि ऐकणाऱ्याने ते कर्तव्य मानावे अशी अपेक्षा आहे. धर्माच्या संदर्भात ‘सांगितले आहे’ एवढेच पुरते. ‘एकादशीला उपवास सांगितला आहे’ असे आपण म्हणतोच की. कायद्याने टाकलेल्या कर्तव्यासाठी ‘वर सोपवले आहे’, ‘वर बंधनकारक केले आहे’. कोर्टाच्या निषेधासाठी ‘मनाई केली’, आणि नामासाठी ‘मनाई हुकूम’.

‘ताकीद’ हा शब्द वापरताना सांभाळा. तो ‘एन्जॉइन’सारखाच दुतोंडी आहे: ‘येण्याची ताकीद’ही होते आणि ‘न येण्याची ताकीद’ही. तो वापरायचाच असेल तर आधीची कृती पूर्ण लिहा. ‘प्रतिवादीला ताकीद देण्यात आली’ असे अर्धे वाक्य घरच्यांना सांगू नका.

कोर्टाचा आदेश हातात आला की

नमुन्यासाठी एक वाक्य रचतो. भाषा अशा आदेशांत असते तशीच ठेवली आहे: ‘द डिफेंडंट्स, देअर एजंट्स, सर्व्हंट्स अँड एनी वन क्लेमिंग थ्रू देम, आर हिअरबाय एन्जॉइन्ड फ्रॉम कन्स्ट्रक्टिंग इन द सूट प्रॉपर्टी, अँड आर एन्जॉइन्ड टू कीप द ॲक्सेस ओपन, टिल द डिस्पोजल ऑफ द सूट.’

एकाच वाक्यात क्रियापद दोनदा आले आहे, आणि दोन्हींचे अर्थ वेगळे. पहिल्यापुढे ‘फ्रॉम’ आहे: दाव्यातल्या जमिनीत बांधायचे नाही. दुसऱ्यापुढे ‘टू’ आहे: वाट मोकळी ठेवायची. पहिले ऐकून काम थांबवले आणि वाटेवर पडलेली चिऱ्यांची रास तशीच राहू दिली, तर अर्धा हुकूम मोडला. असे करायला लावणारे इंजंक्शन कायद्यात आहेच: 1963 च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचे कलम 38 कायमच्या मनाईचे आणि कलम 39 ‘मँडेटरी’ म्हणजे काही करायला भाग पाडणाऱ्या हुकमाचे. म्हणून ‘कोर्टाचे इंजंक्शन म्हणजे मनाईच’ असे डोळे मिटून धरू नका.

आता कोणाला बांधले आहे ते वाचा. ‘एजंट्स, सर्व्हंट्स’ म्हणजे फक्त नावे लिहिलेले प्रतिवादी नव्हेत. त्यांचा कंत्राटदार, त्यांची माणसे, त्यांच्या हक्काने जमिनीत येणारे सगळे आले. ‘मी थांबलो, पण मेस्त्री आला आणि प्लिंथ टाकून गेला’ ही सबब टिकणारी नाही.

मग जागा. ‘सूट प्रॉपर्टी’ची व्याख्या आदेशात किंवा दाव्यात वर कुठेतरी सर्वे नंबर आणि उपविभागासह दिलेली असते. जमिनीचा एक-चौदाचा उतारा शेजारी ठेवून नंबर जुळवा. अख्ख्या सर्वे नंबराला मनाई आहे की त्यातल्या एका तुकड्याला, यावर घरातल्यांचे उद्याचे काम अवलंबून असते.

शेवटी मुदत. ‘टिल द नेक्स्ट डेट’ म्हणजे पुढच्या तारखेपर्यंत, आणि ती तारीख कॅलेंडरवर लगेच लिहा. ‘टिल द डिस्पोजल’ म्हणजे दावा निकाली निघेपर्यंत, ते वर्षानुवर्षेही असू शकते. ‘अ‍ॅड-इंटरिम’ आणि ‘एक्स-पार्टी’ हे शब्द दिसले तर तुमचे म्हणणे ऐकण्याआधीच तात्पुरता आदेश झाला आहे. घाबरण्यासारखे काही नाही, पण उशीर करायचा नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 39 प्रमाणे अशा एकतर्फी आदेशानंतर मनाईचा अर्ज 30 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न कोर्टाने करायचा असतो, आणि आदेश उठवावा किंवा बदलावा असा अर्ज बाधित पक्षाला करता येतो. तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशाच्या अशा आदेशावर जिल्हा न्यायालयात अपील करायची मुदतही 30 दिवसांचीच. पण आदेश चुकीचा वाटतो म्हणून तो उठेपर्यंत मोडायचा नसतो. मोडला तर त्याच ऑर्डरच्या नियम 2-अ प्रमाणे मालमत्तेवर जप्ती येऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. हे वाक्य घरात कागद वाचून दाखवताना न चुकता सांगा.

आपल्याकडच्या आदेशांत मनाईसाठी ‘रिस्ट्रेन्ड’ हा शब्दही सर्रास येतो, कारण संहितेची भाषाच ‘रिस्ट्रेन’ची आहे. काही ठिकाणी ‘इंजंक्टेड’ही लिहिलेले आढळते. त्या दोघांचा अर्थ एकच, रोखले. तिथे वर सांगितलेली कसरत करावी लागत नाही.

स्वतः लिहिताना

पंचायतीला, मामलेदाराला, सोसायटीच्या चेअरमनला अर्ज लिहिताना ‘वुई एन्जॉइन यू’ कधीही लिहू नका. हे क्रियापद वरून खाली वाहते. अर्जदाराच्या तोंडी ते उद्धट दिसते. तिथे ‘रिक्वेस्ट’ लिहा. कायद्याचा आधार द्यायचा असेल तर बोलणारा कायदा करा: ‘द ॲक्ट एन्जॉइन्स अपॉन द पंचायत द ड्युटी’ असे लिहिले की सूर नम्र राहतो आणि मुद्दा ठाम होतो. मला ही रचना फार आवडते. गावच्या प्रश्नावर सह्यांचे निवेदन इंग्रजीत द्यावे लागते तेव्हा ती नेमकी उपयोगी पडते.

कोर्टाची मनाई सांगायची असेल तर तुमच्या लिहिण्यात ‘रिस्ट्रेन्ड’च बरा, वाचणाऱ्याला शंका उरत नाही. आणि स्पर्धा परीक्षेच्या निबंधात भारदस्तपणासाठी ‘एन्जॉइन’ पेरण्याचा मोह होत असेल तर ‘अपॉन’ची रचना वापरा, ती सर्वात सुरक्षित.

हात बसवायला पाच वाक्ये

उत्तर वाचण्याआधी स्वतः मराठी करून पाहा.

‘द स्वामीजी एन्जॉइन्ड सायलेन्स ऑन द असेंब्ली.’ बोलणारे गुरू, पुढे ‘ऑन’: स्वामीजींनी जमलेल्यांना मौन पाळायला सांगितले.

‘द पंचायत वॉज एन्जॉइन्ड फ्रॉम इश्यूइंग द लायसन्स.’ परवाना देण्यास पंचायतीला मनाई.

‘द पंचायत वॉज एन्जॉइन्ड टू इश्यू द लायसन्स विदिन फिफ्टीन डेज.’ परवाना पंधरा दिवसांत द्यायलाच हवा. वरच्या वाक्याशी ताडून पाहा: बदलले ते ‘फ्रॉम’च्या जागी ‘टू’ आणि शेवटची मुदत, आणि गावातल्या एका माणसाचे दुकान उघडणार की नाही ते ठरले.

‘द राइट इज एन्जॉइन्ड बाय कस्टम.’ इथे ‘राइट’ शब्दाचे स्पेलिंग बघा. आर-आय-टी-ई असेल तर रूढीने सांगितलेला संस्कार. आर-आय-जी-एच-टी असेल तर हक्क, आणि मग मूळ शब्द ‘एन्जॉईड’ तर नाही ना, ते पुन्हा तपासा, कारण हक्क ‘उपभोगला’ जातो.

‘द सेल वॉज एन्जॉइन्ड.’ पुढे काही नाही, बोलणारा नाही. आधीच्या परिच्छेदात कोर्ट असेल तर विक्री रोखली. मृत्युपत्राच्या भाषांतरात हे वाक्य असेल तर विक्री करावी असे मृताने बजावलेले असू शकते. असे एकटे वाक्य कोणी फोनवर वाचून दाखवले आणि ‘अर्थ काय?’ म्हणून विचारले, तर अंदाज सांगू नका. आधीचे पान मागा, आणि ते नसेल तर कोर्टातून आदेशाची सर्टिफाइड कॉपी काढायला सांगा.